हळदवणी घाटातली काळी गाडी

"...ते सगळं खरं, बुवा. पण चारही चाकं ओढणारी घ्यावी, की नुसती मागची दोन?"

मगदूमांनी हे तिसऱ्यांदा विचारलं.

घाडीबुवा चुलीपुढं बसून चहात आलं किसत होते. त्यांनी वर बघितलं नाही.

"साखर किती?"

"मला मधुमेह आहे."

"मग दोनच चमचे घालतो."

बाहेर धुकं होतं.

हळदवणी घाटातलं धुकं साधं नसतं. भाद्रपदात ते कोकणातनं निघतं आणि वळणावळणानं, रस्ता धरून, वर देशावर येतं. दमलं की बुवांच्या खोपीपाशी टेकतं. एकदा एका मास्तरांनी भिंत समजून त्याला छत्री टेकवली आणि आत चहाला गेले. बाहेर आले तर छत्री जागेवर उभी. नंतर धुकं गेलं तरी ती तशीच उभी होती असंही सांगतात, पण तेवढं मात्र जरा जास्तच होतं.

या घाटात घाडीबुवांनी एकतीस वर्षं एस.टी. हाकली. रिटायर झाले त्या दिवशी त्यांनी शेवटची गाडी वर नेली, डेपोत सही केली, हार गळ्यातनं काढून बसच्या आरशाला घातला आणि चालत परत घाटात आले. सातव्या वळणावर, रस्त्याच्या कडेला थोडी सपाटी आहे, तिथं बसले. ते अजून तिथंच आहेत.

गळ्यात माळ नाही, अंगात भगवं नाही. खाकी पँट आणि घोंगडं. तरी लोकांनी बुवा करून टाकलं. आधी ड्रायव्हर लोक यायचे. मग गाडी घेणारे येऊ लागले. मग ज्यांना गाडी घ्यायची नाही तेही. नुसता इंजिनाचा आवाज ऐकून, ड्रायव्हर सकाळी घरातनं भांडून निघालाय की जेवून, हे बुवा सांगतात असा बोलबाला होता. बुवा म्हणायचे, त्याला इंजिन कशाला पाहिजे... हॉर्न पुरतो.

आणि आज पुढ्यात बसले होते अरविंद मगदूम. इचलकरंजीचे, अठ्ठेचाळीस मागांचे मालक. वय पंचावन्न. त्यांना न कळलेलं मशीन जगात अजून निघायचं होतं, आणि हे ते स्वतःच सांगत.

"नीट ऐका," मगदूम म्हणाले. "दोन गाड्या आहेत. दोन्ही जुन्या, नऊ-नऊ वर्षांच्या, पण खानदानी. आत बसून दार ओढलं की बाहेरचं जग बंद. एक काळी, एक पांढरी. बाहेर उभी आहे ती काळी. हिची ताकद मागच्या दोन चाकांना जाते. पांढरीची चारही चाकांना. पांढरी गेल्या आठवड्यात चालवून बघितली. ही तीन दिवस चालवतोय, मालवणला मेव्हणीच्या वास्तुशांतीला गेलो होतो, तिथनं परत चाललोय. आज संध्याकाळी कोल्हापुरात गाडीवाल्याला सांगायचं, कुठली ठेवून घेतो ते."

"मग सांग की."

"तेच तर कळेना."

"तुला कळेना?" बुवांनी आता वर बघितलं. "अरे वा."

मगदूमांनी ते मनावर घेतलं नाही. मोठ्या माणसाला असल्या गोष्टी मनावर घ्यायला वेळ नसतो.

"पांढरी ओल्या रस्त्याला घट्ट धरून चालते. पण जड आहे. पोटात भानगडी जास्त. जुन्या गाडीत असं काही बिघडलं की सगळं उसवत बसावं लागतं. काळी नाकात हलकी. वळणावर असं वाटतं, की..." त्यांना शब्द सापडेना. त्यांनी दोन्ही हातांत अदृश्य स्टिअरिंग धरलं आणि हळूच फिरवलं. "...की आपण नुसता विचार केला आणि गाडी वळली. पण पावसात शेपूट टाकते, मागनं घसरते."

बुवांनी चहा गाळला.

"हत्ती बघितलास कधी?"

"काय?"

"सर्कशीचा हत्ती या घाटातनं खाली नेला होता, एकोणऐंशी साली. चारही पाय रोवत उतरत होता बिचारा. सहाव्या वळणावर घसरून बसला, आणि बसल्या बसल्या जो निघाला तो थेट पायथ्याच्या नाक्यावर. नाकेवाल्यानं पावती फाडली, अवजड वाहन म्हणून."

"आणि?"

"त्याच्यामागनं सर्कशीतलीच एक कोंबडी चालत उतरली. दोन पायांवर. तिला काही झालं नाही."

मगदूम पुढं सरकले. "म्हणजे दोनवाली घ्यायची?"

"मी कोंबडीचं सांगितलं. गाडीचं कुठं सांगितलं?"

चुलीत ओलं लाकूड होतं. त्याचा धूर बाहेर जाई, दारात धुक्याला भेटे आणि दोघं मिळून परत आत येत.

"ब्रेक किती चाकांना?" बुवांनी विचारलं.

"चारही."

"काळीला?"

"काळीलाही, पांढरीलाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात, बुवा."

"मग थांबायला दोघी सारख्याच."

"हो. पण थांबायसाठी कोण गाडी घेतंय?"

बुवांनी एक कप त्यांच्यापुढं सरकवला. कौलावरनं एक थेंब पडला... मग बऱ्याच वेळानं दुसरा.

"गाडीत बसणार कोण?"

"मी."

"आणि?"

मगदूमांनी चहाचा घोट घेतला. चहा पाकासारखा गोड होता.

"मिसेस," ते म्हणाले.

"कुठायत त्या?"

"मागनं येतेय."

"दुसऱ्या गाडीनं?"

"एस.टी.नं."

बुवांनी कप खाली ठेवला.

"दोन वर्षं झाली," मगदूम म्हणाले. आता त्यांचा आवाज मागांच्या खडखडाटात बोलायचा राहिला नव्हता. "याच घाटात, हे खालचं आठवं वळण, तिथं आमची आधीची गाडी घसरली. डाव्या अंगानं गटारात गेली आणि डोंगराला टेकली. कुणाला काही झालं नाही. खरचटलंसुद्धा नाही. पण त्या दिवसापासनं पद्मजा माझ्या गाडीत बसत नाही. भांडण नाही, रुसवा नाही. मी गाडी काढली की ती पिशवी घेऊन स्टँडवर जाते. लग्न असो, बारसं असो. गाडी पुढं, एस.टी. मागं. वाटेतल्या स्टँडवर आम्ही चहा मात्र एकत्र घेतो. मग मी गाडीत, ती एस.टी.त."

"चहा कोण सांगतं?"

"मी. ती बिस्किटं आणते."

"संसार चाललाय मग."

"गाव हसतंय, बुवा."

"गावाला काय, हत्ती बघूनही हसलं होतं."

"मुलगी लांब दिली. घरात आम्ही दोघंच. संध्याकाळी माग बंद झाले की एवढं शांत होतं..." मगदूम थांबले. "मला ती शेजारच्या सीटवर पाहिजे. बास. ती बसेल अशी गाडी सांगा."

"तिला विचारलंस?"

"काय?"

"का बसत नाहीस म्हणून."

"त्यात विचारायचं काय? घसरली म्हणून. न घसरणारी गाडी घेतली की मिटलं. म्हणून तर तुमच्याकडं आलो."

बुवा चुलीतलं लाकूड थोडं मागं ओढत म्हणाले, "गाडी घसरून टेकली. मग तू काय केलंस?"

"उतरलो. चाकं बघितली."

"किती?"

"चारही. फिरून. मागचं डावं पार गटारात, रिमला मार बसलेला. पुढचं अधांतरी. फोटो काढले, क्रेनवाल्याला फोन लावला."

"आणि ती?"

"ती आत होती."

"आत..."

"तिच्या बाजूचं दार डोंगराला टेकलं होतं ना. उघडत नव्हतं. नंतर उतरली की माझ्या बाजूनं."

"नंतर म्हणजे?"

मगदूमांनी कपात बघितलं. कपात काही नव्हतं.

"क्रेन आल्यावर," ते म्हणाले.

बुवा उठले, घोंगडं डोक्यावर घेतलं आणि बाहेर गेले. मगदूमही मागोमाग गेले. आता बुवा गाडी तपासणार आणि निकाल देणार, असं त्यांना वाटलं.

काळी गाडी धुक्यात होती-नव्हती. दिव्यांच्या दोन काचा तेवढ्या दिसत, आणि छपरावर साचलेलं पाणी. बुवा तिच्याभोवती फिरले नाहीत. सरळ मागच्या चाकापाशी गेले, वाकले आणि जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा हात टायरवर ठेवला.

"खाली कुठं थांबला होतास?"

"कसं ओळखलंत?"

"लाल माती फक्त आठव्या वळणाला आहे."

मगदूमांचा चेहरा खुलला. "मुद्दाम थांबलो होतो. तिथला चढ घाटात सगळ्यात उभा. शिवाय तीच जागा. म्हटलं, ओल्यात, चढावर, उभ्या जागेवरनं मागची दोन चाकं गाडी उचलतात की नाही ते बघूच. सगळी परीक्षा रीतसर घेतली. आधी उतरून खालनं बघितली."

"चढावर उतरलास? हँडब्रेकवर सोडून?"

"बटणाचा हँडब्रेक आहे. जुन्या गाडीच्या बटणावर कोण विश्वास ठेवतंय? मागच्या दोन्ही चाकांना दगड लावले. चांगले कलिंगडाएवढे. मग चालू केली, जरा एक चाक गरगरलं आणि उचलली की फुलासारखी."

"आणि दगड?"

"दगडांचं काय?"

"लावले होतेस ते."

"तिथंच की."

"कुठं तिथंच?"

"रस्त्यात."

घाटात लावलेला दगड ज्यानं लावला त्यानं उचलायचा. हळदवणीच्या ड्रायव्हरला स्टिअरिंगला हात लावायच्या आधी हे शिकवतात. गाडी चढावर हलली की क्लीनरनं दगड कडेला भिरकवायचा आणि पळत येऊन फळीवर उडी मारायची. क्लीनर नसला तर ड्रायव्हरनं वर सपाटीला गाडी लावायची आणि दगडासाठी चालत परत जायचं, मग पाऊस असो, ताप असो. दगड रस्त्यात टाकून गेलेल्या माणसाला या घाटात चहासुद्धा मिळत नाही.

मगदूमांना हे ठाऊक नव्हतं. मागांना दगड लावावे लागत नाहीत.

बुवांनी टायरवरचा हात काढला.

"तिची एस.टी. कुठली?"

"मालवणचीच. माझ्या मागनं अर्ध्या तासानं घाटाला लागते. येईलच आता, हे आठवं..."

वाक्य तिथंच राहिलं. मगदूम खालच्या धुक्याकडं बघू लागले. तिथं रस्ता नव्हता. काहीच नव्हतं.

"बुवा... ती ड्रायव्हरच्या मागं बसते. पहिल्या सीटवर. तिला पुढचं दिसलेलं बरं वाटतं."

त्यांनी खिशातनं किल्ली काढली. "वळवतो. दोन मिनिटांत खाली..."

"या धुक्यात गाडी आडवी घालणार? वरनं ट्रक आला तर तुला शोधू, गाडीला शोधू, की ट्रकवाल्याला?"

"मग करू काय?"

"पाय किती आहेत तुला?"

"दोन."

"दोन्ही चालतात?"

"चालतात."

"मग चल."

निघताना मगदूम ठेचकाळले आणि त्यांनी खोपीच्या भिंतीला हात दिला. भिंत दगडांची होती. लहान-मोठे, वेगवेगळ्या जातीचे, कुणीही गवंडी हातात धरणार नाही असले दगड. प्रत्येकाच्या एका अंगाला टायरच्या रबराचा काळा पट्टा होता.

"एकतीस वर्षांचे आहेत," पुढनं बुवांचा आवाज आला. "लोकांनी टाकलेले. आतली चूलसुद्धा त्यांचीच."

ते उतरत राहिले.

धुक्यात उतरताना पाय खाली जातात आणि माणूस जागेवरच असतो, असं होतं. झाडं समोरनं यायची, ओळख असल्यासारखी थांबायची आणि मागं निघून जायची. कुठंतरी पाणी पडत होतं. ते डावीकडं आहे म्हणावं तर उजवीकडं ऐकू येई. एकदा मगदूमांना वरून एस.टी.चा आवाज आला, अगदी डोक्यावरनं, जणू ती ढगातनंच चालली होती. मग तो पायांखालनं आला.

सवयीनं ते हातातल्या किल्लीचं बटण दाबत होते. दर वेळी वर, लांब कुठंतरी, काळी गाडी टुक करून उत्तर देई. एका टप्प्यापुढं तिनं उत्तर दिलं नाही. मगदूमांनी पुन्हा दाबलं... पुन्हा. मग किल्ली खिशात टाकली.

"बुवा?"

"आहे."

"ती समजा..."

"बोलू नको. कानानं चाल."

आठवं वळण त्यांना पायांनी कळलं. चढ एकदम उभा झाला आणि माती लाल. एक दगड रस्त्याच्या बरोबर मध्ये बसला होता, जणू तिथंच जन्माला आला होता. मगदूमांनी तो उचलून छातीशी धरला, कडेपर्यंत नेला आणि गटारापलीकडं टाकला.

"दुसरा?"

"मी लावलाय का?" धुकं म्हणालं. बुवा दिसत नव्हते.

खालनं घरघर येऊ लागली. आता ती खरंच खालनं येत होती. गिअर बदलला. पहिला.

मगदूम खाली बसले. हातांनी रस्ता चाचपू लागले. मग गुडघे टेकले. इचलकरंजीतला अठ्ठेचाळीस मागांचा मालक हळदवणी घाटाच्या रस्त्यावर चारही हातापायांनी रांगत होता, आणि पँटीला चिखल लागतोय याची त्याला खबर नव्हती.

"आता घसरत नाहीस ना?" धुक्यानं विचारलं.

"नाही," मगदूम रांगत म्हणाले.

दगड घरंगळून दोन हात खाली गेला होता, आतल्या कडेला, जिथनं वळताना बसचं पुढचं चाक जातं तिथं. मगदूमांचं बोट त्यावर आपटलं. त्यांनी तो उचलला. पाठीतनं कळ गेली. ते उभे राहिले आणि त्यांच्यासमोर धुक्यात दोन पिवळे चंद्र उगवले.

ते बाजूला होऊ शकले असते. पण त्यांना ते सुचलं नाही. दगड पोटाशी धरून ते तसेच उभे राहिले.

ब्रेक लागले. एस.टी. पूर्ण अंगानं कण्हली आणि त्यांच्यापासनं हातभर अंतरावर थांबली.

"ओ काका," ड्रायव्हरनं मान बाहेर काढली. "मरायचंच असलं तर रविवारी या. माझी सुट्टी असते."

मगदूमांनी त्याच्याकडं बघितलं नाही. बसच्या चाकाकडं बघितलं नाही. ते बाजूनं चालत पहिल्या खिडकीपाशी गेले. काच सरकली. आतनं पद्मजाबाई बघत होत्या. डोक्यावर पदर, मांडीवर पिशवी, पिशवीत बिस्किटांचा पुडा.

"लागलं का?" मगदूमांनी विचारलं.

"कुणाला?"

"तुला."

कंडक्टर बाईचा हात घंटीच्या दोरीवर होता तो तिथंच राहिला.

"लागलं," पद्मजाबाई म्हणाल्या. "कोपराला. डाव्या."

"आत्ता? ब्रेक मारला तेव्हा?"

"दोन वर्षांपूर्वी."

इंजिन घरघरत होतं. दगडावरनं पाणी मगदूमांच्या बुटांत ठिबकत होतं.

"तू बोलली नाहीस."

"तुम्ही रिमचे फोटो काढत होता."

मगदूमांनी दगड छातीशी आणखी वर ओढला.

मागच्या खिडकीतनं केळीची पाटी घेतलेली एक म्हातारी म्हणाली, "आता तरी तो धोंडा खाली ठेव की रे बाबा. बघून आमच्या पोटात दुखतंय."

तेवढ्यात धुक्यातनं बुवा बाहेर आले आणि ड्रायव्हर सीटवरनं उडी मारून त्यांच्या पाया पडला. त्यानं बुवांच्याच हाताखाली घाट शिकला होता. मगदूमांच्या हातातला दगड, टायरचा पट्टा, आठवं वळण... त्याला कुणी काही सांगावं लागलं नाही. त्यानं मगदूमांकडं एकदा बघितलं. रविवारचं जे काही बोलला होता ते त्यानं मनातल्या मनात पुन्हा म्हटलं असावं.

"ठेव कडेला आणि जा," तो म्हणाला.

"नाही," मगदूम म्हणाले. "वर न्यायचाय."

"कशाला?"

मगदूमांनी बुवांकडं बघितलं. बुवा दुसरीकडं बघत होते.

पद्मजाबाई खाली उतरल्या.

"पाठीचं दुखणं आहे तुम्हाला. द्या, एका बाजूनं धरते."

"कोपर दुखेल तुझं."

"उजव्यानं धरते."

असं ते निघाले. पुढं बुवा, मागं दगड धरून नवराबायको, आणि त्यांच्यामागं पन्नास माणसांची एस.टी., त्यांच्या पावलापावलानं, दिवे लावून. हॉर्न नाही. एवढ्या धुक्यात पुढं कुणी चालणारं असलं तर ड्रायव्हरलाही बरंच असतं. खिडक्यांतनं लोक बघत होते, पण हसत नव्हते. धुकं त्या पिवळ्या उजेडात शिरत होतं, आणि शिरल्यावर सोनेरी होत होतं. म्हातारीनं नंतर गावात सांगितलं की ती मिरवणूक जमिनीपासून चार बोटं वरनं चालली होती. म्हातारीला चष्मा होता, पण त्या दिवशी तो घरी राहिला होता.

"कधी दुखतं?" मगदूमांनी विचारलं.

"धुकं असलं की."

"आज?"

"आज ठणकतंय."

थोडं अंतर गेलं.

"क्रेन यायला किती वेळ लागला होता?" मगदूमांनी विचारलं.

"एक तास दहा मिनिटं. आत घड्याळ होतं."

मगदूमांनी दगडाचा भार आपल्याकडं ओढून घेतला आणि खोपीपर्यंत तसाच नेला.

मगदूमांनी दगड भिंतीच्या टोकाला ठेवला. तिथं जागा होती. एस.टी. सपाटीला लागली, लोक पाय मोकळे करायला उतरले, बुवांनी मोठं पातेलं चुलीवर चढवलं. ड्रायव्हरनं आत जाताना मगदूमांना हात केला. "या, तुम्हीपण घ्या." एवढंच म्हणाला.

पद्मजाबाई काळ्या गाडीपाशी उभ्या होत्या.

"हीच का?"

"एक ही. एक पांढरी आहे."

"फरक काय दोघींत?"

मगदूमांकडं या प्रश्नाचं उत्तर अर्ध्या तासाचं होतं. ताकद, वजन, पकड, नाक, शेपूट. तीन दिवस ते पाठ करत होते.

"मला काळी चालवायला आवडते," ते म्हणाले. "पांढरीत भीती कमी वाटते."

"कुणाला?"

"मला."

पद्मजाबाईंनी पहिल्यांदाच त्यांच्याकडं नीट बघितलं. गुडघ्यांवर लाल माती, हाताची बोटं सोललेली.

"माझ्या बाजूची काच खाली होते का?"

"होते."

"बटणानं, की हातानं?"

"बटणानं. पण... थांब." मगदूमांनी दार उघडलं. काच खाली केली. वर केली. पुन्हा खाली केली. मग दार आतनं लावून, आतनं उघडून दाखवलं. दोनदा. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण ज्या सीटवर बसलोय ती तिची आहे, आणि ते गडबडीनं उतरले.

पद्मजाबाई बसल्या. पिशवी मांडीवर. डावं कोपर जपून खिडकीत.

"गार आहे सीट," त्या म्हणाल्या.

कंडक्टर बाई चहाचा पेला घेऊन दारात आल्या. "बाई, तुम्ही आमच्यात नाही?"

"बघते," पद्मजाबाई म्हणाल्या.

मगदूम फिरून आपल्या बाजूला गेले. मागच्या चाकापाशी थांबले, वाकून बघितलं. तिथं काही नव्हतं. तरी पुन्हा बघितलं. मग बसले. बटण दाबलं. काळी गाडी जागी झाली, इतकी हळू, की आवाज धुक्याचाच वाटावा. तिघांपैकी कुणालाच घाई नव्हती... मगदूमांना, पद्मजाबाईंना आणि गाडीला.

बुवा हात पुसत बाहेर आले.

मगदूमांनी आपली काच खाली केली. संध्याकाळी कोल्हापुरात काय सांगायचं ते अजून राहिलंच होतं.

"बुवा, ते चारही चाकं, की..."

बुवा त्यांच्या खिडकीशी थांबले नाहीत. गाडीला पुढनं वळसा घालून पलीकडं गेले, वाकले, आणि पद्मजाबाईंच्या कानाशी, पण मगदूमांना नीट ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले,

"बाय, तिकीट टाकू नको. एस.टी. मागनं येतेच आहे."